आखाजीची गाडी

यशोदाबाईनं सडा टाकायला बादली उचलली आणि तशीच खाली ठेवली. अंगणात उभ्या नव्या गाडीच्या पोटाखाली तेलाचं थारोळं साचलं होतं. मातीत मिसळून ते काळंकुट्ट झालं होतं.

"ऊठ रे भाईदास! तुन्ही गाडी परत गळी ऱ्हायनी!"

भाईदास ओट्यावरून धडपडतच उतरला. वाकून पाहिलं, बोटाला न लावताच वास घेतला आणि कपाळावर हात मारला. गाडी घरी येऊन दोन महिने झाले नव्हते. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, दार कोणी जोरात लावलं तर याच्या छातीत कळ येई. आणि ऐन बहिणीला, मंदाला, सासरी पोचवायच्या दिवशी हिनं असा दगा द्यावा!

"त्या वनाले आज सोडत नही मी," तो म्हणाला.

वना म्हणजे चोपड्याच्या रस्त्यावरचा मिस्त्री. त्याच्याकडे जायची पाळी या आखाजीमुळेच आली होती. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी यायलाच हवी, आणि तिला आणायला घरचा कोणी मुऱ्हाळी जायला हवा. मंदाबाई चार वर्षांत आली नव्हती. भाईदास दरवर्षी एस.टी.नं पिंपळनेरला जाई आणि मेव्हण्याचं, अभिमनरावांचं, काहीतरी निमित्त ऐकून रिकामा परत येई. या वर्षी मात्र दारात नवीकोरी गाडी उभी राहिली, गल्ली जमली, आणि चारचौघांत त्यांना नाही म्हणता आलं नाही. "आखाजीच्या तिसऱ्या दिवशी माझ्या दारात पाहिजे," एवढं ते हसत हसत म्हणाले. भाईदासनं मोठ्या तोऱ्यात शब्द दिला.

येताना तापीच्या काठी त्यानं डांगरं, म्हणजे खरबुजं, घेतली. आखाजीला वाडवडलांच्या नावानं घागर भरतात, तिच्यावर एक डांगर ठेवतात. एक! पण नव्या गाडीचा मालक एका डांगरावर थांबतो होय? त्यानं सगळ्या भाऊबंदांपुरती पोती भरून घेतली, डिकीत, मागच्या सीटवर, पायाखाली.

"गाडी शे का बैलगाडी, भाऊ?" मंदा हसली होती.

गाडीचं पोट जमिनीला टेकायला आलं आणि एका नाल्यात दगडानं ते खरवडलंच. गिअरबॉक्सच्या खालचा बोल्ट ढिला झाला, तेल गळायला लागलं. वनानं गाडी खड्ड्यावर घेऊन तेल भरलं, बोल्ट आवळला. मंदा टायरवर बसून पाहत होती. तिनं विचारलं, हा एवढासा बोल्ट ढिला झाला तर गाडी जात नाही का? वना म्हणाला, "तेल नही तं गाडी जागावरून हालवानी नही, अक्का."

त्यानंतरचे दिवस कसे गेले कळलं नाही. मंदा जेवायला बसली की भराभरा जेवायची, कोणी ताट ओढून घेईल अशी. यशोदाबाई म्हणायची, हळू जेव माय, घर तुन्हंच शे. कोपरापर्यंत बांगड्या भरलेल्या, एवढ्या उकाड्यातही त्या तिनं कधी मागं सारल्या नाहीत. आखाजीच्या दिवशी घागर भरली, बापाच्या नावानं पाणी सोडलं, तेव्हा ती इतकी रडली की भाईदासलाच ओशाळल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या ती म्हणाली,

"भाऊ, आखो चार दिन ऱ्हाऊ का मी?"

भाईदासनं आईकडे पाहिलं.

"लोके काय म्हनतीन, माय?" यशोदाबाई म्हणाली. "पुढली आखाजीले ये."

"आते काय, गाडी शे आपली!" भाईदास म्हणाला. मंदानं मान हलवली आणि ताटं उचलायला उठली.

काल गावभर झोके चालू होते. बाया निंबाच्या झाडाखाली गाणी म्हणत होत्या, यशोदाबाईही गेली होती. बाप्ये रिवाजाप्रमाणे पत्ते कुटत बसले होते, भाईदास त्यांच्यात. मंदा डोकं दुखतं म्हणून घरीच राहिली होती.

आणि आज सकाळी हे.

मंदा मोरीवर राखेनं हात घासत होती. तिथूनच तिनं विचारलं, "आज तं गाडी जाणार नही ना, भाऊ?"

तिचा आवाज कापरा होता. नवऱ्याला घाबरली बिचारी, भाईदासला वाटलं. त्यानं तिला धीर दिला.

"तू जीवले घोर लावू नको. मी शब्द देयेल शे. एस.टी. शे ना!"

मंदाचे हात थांबले. तांब्या कलंडून पाणी वाहून गेलं, तिनं तो उचलला नाही. मग ती घरात गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली.

भाईदास तिच्याबरोबर जाऊ शकला असता. पण ज्या दारात गाडीतून उतरलो, त्याच दारात आता एस.टी.ची धूळ खाऊन कसं उभं राहायचं? त्यानं स्टँडवर धुळ्याच्या गाडीत तिला खिडकीची जागा धरून दिली, धुळ्याला साक्रीकडची गाडी कुठं लागते ते सांगितलं. अभिमनरावांना निरोप दिला, गाडी बिघडली म्हणून, नाहीतर स्वतः आलो असतो. मंदानं खिडकीच्या गजाला धरलं होतं. तिच्या हातांवर आखाजीची मेंदी होती आणि बोटांची टोकं नखांच्या कडेपर्यंत काळी झाली होती. निरोपाच्या वेळी डोळ्यांत पाणी नको म्हणून त्यानं तिला चिडवलं.

"काय वं मंदा, एवढी काळी रंगनी मेंदी! अभिमनराव भलताच जीव लावतस वाटतं!"

मंदानं गजावरचा हात काढून मूठ मिटली.

"हां," ती म्हणाली. "भलताच."

गाडी हलली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

दुपारी वना तेलाचा डबा घेऊन आला, तेव्हा भाईदासनं त्याच्या सात पिढ्यांची उजळणी केली. वना गाडीखाली सरकला आणि तिथूनच चिडून ओरडला.

"मी पान्यावर पाय ठी आवळेल व्हता, भाऊ! माय शपथ! धरा हाऊ बोल्ट, पुसा आन दाखाडा मन्ही चूक!"

भाईदासनं बोल्ट हातात घेतला. फडक्यानं पुसला, उलटसुलट करून पाहिला. आटा साबूत होता, एक ओरखडासुद्धा नव्हता. वनानं तो परत लावला, तेल भरलं. भाईदास हात धुवायला मोरीवर गेला. कसला उग्र वास त्या तेलाचा, आणि चिकट इतकं की पाण्यानं जाईना. त्यानं राखेच्या करवंटीत बोटं घातली. करवंटी रिकामी होती.

"राख कोठे गयी, माय?"

"मंदानी सकायले बठ्ठी सपाडी," यशोदाबाई आतून म्हणाली. "किती वखत हात घासत बशेल व्हती पोर."

भाईदास तसाच उकिडवा बसून राहिला. त्यानं आपले हात उजेडात धरले. सगळ्या बोटांच्या टोकांना काळं बसलं होतं, नखांच्या कडेपर्यंत, अगदी मेंदी लावावी तसं.

त्यानं हात नाकाशी नेले आणि त्याला रडूच कोसळलं. एका बाईमाणसानं काल भर उन्हात गाडीतला पाना घेऊन गाडीखाली उताणं पडून, कोणी येईल म्हणून कान टवकारून, तो बोल्ट ढिला केला होता. आणि भावानं तिला काय म्हणावं, तर एस.टी. आहे ना! आणि वर ती मेंदीची थट्टा!

यशोदाबाई दारात आली. त्याचे हात पाहिले, मग त्याचं तोंड. पदर तोंडात धरून ती उंबऱ्यावर खाली बसली.

भाईदास उठला. काळ्या हातांनीच त्यानं गाडीचं दार उघडलं. वना पाने गोळा करत होता.

"कोठे निंघनात, भाऊ?"

"पिंपळनेरले. मुऱ्हाळी जाई ऱ्हायनू."

वना त्याच्याकडे पाहतच राहिला. "आते? आखाजी तं व्हई गयी ना!"

मागच्या सीटवर एक डांगर राहून गेलं होतं, ते उचलून भाईदासनं आईच्या पायाशी ठेवलं. मग त्या सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडून काढलं आणि बसायची जागा हातानं झटकून साफ केली.