मागितलेलं इंजिन

व्हर्न हावलिकला कॉफी द्यायची तर पेला अर्धाच भरायचा आणि झाकण वरून घट्ट दाबायचं, हे आता जोलीनच्या हातांनाच ठाऊक झालं होतं. तसा पेला तिने बापाच्या दोन्ही हातांत दिला आणि त्याची पकड बसेपर्यंत खाली आपला तळवा धरून ठेवला. ट्रकच्या उघड्या फळीवर तो पाय सोडून बसला होता. समोर जत्रेच्या मैदानातला मातीचा गोल ट्रॅक होता. पाण्याचा टँकर नुकताच फिरून गेल्यामुळे दिव्यांखाली काळी माती चकाकत होती. मक्याच्या शेतांवरून येणारा वारा तळलेल्या कांद्याचा वास पेट्रोलच्या वासात कालवत होता.

"आज कितवी येणार?" व्हर्नने विचारलं.

"येईन की कुठेतरी."

"पाचवी येशील. तेवढाच जीव आहे त्या इंजिनात."

'उद्या ढग येतील' म्हणावं तसं तो हे म्हणाला. बॉनेट उचलून जोलीनने डोकं आत घातलं.

या उन्हाळ्यात ती दर शनिवारी पाचवी यायची, नाहीतर सहावी. ते का, हे तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

या ट्रॅकवर घरच्या अंगणात बांधलेल्या जुन्या गाड्या पळतात आणि पैसेवाल्याने पैसा ओतून जिंकू नये म्हणून एक नियम आहे. मुख्य शर्यतीत जो पहिल्या चारांत येईल त्याचं इंजिन मागे राहिलेला कोणीही गाडीवाला तिथल्या तिथे मागू शकतो. ठरलेली रक्कम टाकायची आणि उचलून न्यायचं. त्या रकमेत धड फ्रिजही येत नाही. 'देत नाही' म्हटलं तर जिंकलेलं पुसलं जातं आणि वर्षभर फाटक बंद.

आणि जोलीनच्या गाडीतलं इंजिन व्हर्नने बांधलं होतं, हात थरथरायला लागल्यानंतर. अख्खा हिवाळा सकाळची गोळी घेतली की तासभर बोटं ताब्यात असायची. त्या तासात एक झडप, नाहीतर एक रिंग. कधी नुसता एकच नट. डॉक्टरांनी जोलीनला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढच्या वर्षी व्हर्नच्या हातात पाना टिकायचा नाही. म्हणजे हे शेवटचं.

मे महिन्यातल्या पहिल्याच शर्यतीत ते इंजिन काय आहे हे तिला कळून चुकलं. दावं तोडायला निघालेल्या खोंडासारखं ते पायाखाली उसळलं आणि चौथ्या नंबरची गाडी हाताच्या अंतरावर आली. तिथे तिने अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. एवढा एक उन्हाळा, तिने ठरवलं. एवढा एक उन्हाळा ते आपल्याकडे राहू दे.

पिटमध्ये, गाड्या दुरुस्त करायच्या जागेत, परत आली तेव्हा बाप बॉनेटवर हात ठेवून उभा होता. "माझंच काहीतरी चुकलं असणार," तो म्हणाला होता. तेव्हापासून दर शनिवारी तो हेच म्हणायचा. जुलैत त्याने आपली हत्यारांची लाल पेटी लाइल टीडमनला देऊन टाकली. लाइल शेजारच्या गावचा. एके काळी तिच्याच बापाकडून इंजिनं बांधून घेणारा आणि आता याच ट्रॅकवर तिच्याशी पळणारा. जड पेटी ट्रकमध्ये चढवायला जोलीननेच एका बाजूने हात लावला होता. तेव्हाही ती बोलली नव्हती.

आज प्राथमिक शर्यतीत तिसऱ्या फेरीला इंजिन मिसिंग करायला लागलं. आधी एक ठसका, मग दोन, मग रेटलं की धाडकन आवाज आणि सायलेंसरमधून जाळ. शेवटच्या वळणाला ते बंदच पडलं. सगळ्या स्टँडसमोरून गाडी ओढून पिटमध्ये आणावी लागली.

व्हर्न टॉर्च घेऊन तयारच होता. टॉर्च धरणं एवढंच काम त्याने स्वतःकडे ठेवलं होतं. उजेड थरथरायचा, आणि त्या थरथरत्या उजेडात काम करायची तिला सवय झाली होती.

"झडपा," तो म्हणाला. "बसल्याच नसणार नीट."

"आधी बघू तर दे, डॅड."

"बघायचं काय त्यात? मी बांधलंय, मला माहीत आहे. सोमवारी काढ ते आणि भंगारात दे."

जोलीनचा पाना हातातच राहिला. "इंजिन चांगलं आहे. खरंच सांगते."

"माझी समजूत काढू नकोस. मी काय दूधपितं पोर आहे?"

तिने ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. बाजूने बारीक तडा गेला होता. ठिणगी मरत होती ती तिथे. जवळ दुसरी कॉइल नव्हती. शेजारी लाइल सँडविच खात टायरवर बसला होता. तिच्या तोंडाकडे बघून तो न विचारताच उठला आणि लाल पेटीच्या खालच्या खणातून एक कॉइल काढून आणली.

"धर. मात्र मला हरवलंस तर भाडं लावीन."

"तुला तर सायकलवरून हरवेन."

"पाचवी येणारीने जरा बेताने बोलावं," लाइल म्हणाला, आणि व्हर्न कितीतरी दिवसांनी हसला. पण ते हसू लगेच मावळलं आणि तो पुन्हा इंजिनाकडे बघायला लागला, दारात आलेल्या नापास पोराकडे बघावं तसा.

कॉइल बसवून तिने एकदा इंजिन रेटून पाहिलं. आवाज सरळ, स्वच्छ चढत गेला. तेव्हाच तिच्या मनाने घेतलं की आज पाय उचलायचा नाही. डॅडला शब्दांनी पटणार नाही, डोळ्यांनी बघू दे. आणि मागणार तरी कोण? या इंजिनाचा खोकला तासाभरापूर्वी सगळ्या मैदानाने ऐकलाय. खोकणारं इंजिन पैसे मोजून कोणी नेत नाही.

मुख्य शर्यतीत तिला मागची रांग मिळाली. झेंडा पडल्यावर तिने गाडी वरच्या कडेला, ओल्या मातीत घातली, जिथे इतर जायला भीत होते. एकेक गाडी खाली राहत गेली. मध्येच बॉनेटची एक खीळ तुटली आणि पत्रा काचेसमोर फडफडायला लागला. रेडिएटरच्या जाळीत चिखल बसून तापमानाचा काटा चढत चालला. वाफेचा वास आत आला. इतर कोणत्याही शनिवारी ती थांबली असती. आज ती एका डोळ्याने पत्र्याखालून बघत पळत राहिली. लाइलची निळी गाडी खाली गेली, मग चौथा, तिसरा. शेवटच्या फेरीला समोर कोणी नव्हतंच.

जिंकणाऱ्याचा चौकड्यांचा झेंडा तिच्या हातात आला. फोटोसाठी गाडी स्टँडसमोर उभी केली. ती खिडकीतून बाहेर पडते तोच तिला दिसलं की लाइलची निळी गाडी पिटकडे वळली नाही. ती सावकाश आली आणि तिच्या मागे, बरोबर मागे थांबली. लाइल पट्टा न सोडता आतच बसून राहिला.

इंजिन मागणाऱ्याने असंच बसायचं असतं.

ट्रॅकचा कारभार बघणारी ग्वेन चालत आली. "जो, इंजिनाला मागणी आहे गं."

जोलीन थेट निळ्या गाडीच्या खिडकीशी गेली. "लाइल. कॉइल तूच दिलीस."

"म्हणूनच तर. आज संध्याकाळपर्यंत मला वाटत होतं, म्हाताऱ्याचं इंजिन लंगडं आहे. कॉइल बसवून तू ते एकदा रेटलंस ना, माझा घास अडकला."

"त्याचं शेवटचं आहे ते."

लाइल स्टिअरिंगवरचा चिखल अंगठ्याने खरवडत होता. "माहीत आहे. आता सगळ्यांनी बघितलंय, जो. पुढच्या शनिवारी कोणीतरी नेणारच. माझ्याकडे निदान नीट राहील."

"उपकारच की तुझे." ती ग्वेनकडे वळली. "नाही म्हटलं तर?"

"तर आजची शर्यत तुझी नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आत यायचं नाही. मला काय हौस आहे का असं बोलायची?"

जोलीनला ते चालणार होतं. झेंडा परत द्यायला तिने हात पुढे केलाच होता, तेवढ्यात कुंपणाला धरत धरत, काठी न घेता, व्हर्न येताना दिसला. भोंग्यावरून त्याने ऐकलं होतं. इतका उजळलेला त्याचा चेहरा तिने आई गेल्यापासून पाहिला नव्हता.

"कोणी मागितलं? लाइलने? स्वतः?"

"डॅड, मी त्याला 'नाही' म्हणतेय."

"नाही कशाला? दे त्याला, पोरी." तो धापा टाकत होता आणि हसत होता. "किती वर्षांत माझं इंजिन कोणी मागितलं नव्हतं. दे."

तिने झेंडा खाली घेतला आणि ग्वेनकडे बघून मान हलवली.

पिटमध्ये साखळीची कप्पी लावली गेली. लाइलने लाल पेटी आणून उघडली. झाकणावर खिळ्याने कोरलेली बापाच्या नावाची अक्षरं अजून तशीच होती. नटबोल्ट सुटत गेले. शेवटच्या बोल्टावर लाइलने पाना बसवून धरला आणि बाजूला सरकून व्हर्नला म्हणाला, "हा तुझा." व्हर्नने तो दोन्ही हातांनी फिरवला.

इंजिन साखळीला लोंबकळत वर आलं. व्हर्नने त्याच्या कुशीवरून तळवा फिरवला, गाईवरून फिरवावा तसा. फिरवता फिरवता विचारलं, "मे महिन्यापासून यात काय काय बदललंस?"

"काही नाही."

"कार्ब्युरेटर? प्लग?"

"नाही, डॅड."

"नुसती आजची कॉइल. आणि ती तर आजच गेली."

आयुष्यभर त्याने बिघाड असाच शोधला होता, एकेक वस्तू बाजूला काढत. सगळं काढून उरेल ती चूक.

"म्हणजे पाय," तो म्हणाला. "तुझा पाय."

"कोणीतरी नेलं असतं ते. मला वाटलं, एवढा एक उन्हाळा..."

"नेलं असतं. न्यावंसं वाटावं म्हणूनच बांधतात." तो तिच्याकडे बघत नव्हता. "मी पेटी देऊन टाकली, जोलीन. तू अंगणात होतीस. दुसऱ्या बाजूने तू धरली होतीस."

एरवी तो तिला पोरी म्हणायचा.

लाइल खाली बघून पाने पुसत होता. पुसलेलेच पुन्हा पुसत होता. "व्हर्न, पेटी परत घेऊन जा ना," तो हळूच म्हणाला.

"आता काय करू तिचं?" व्हर्नने आपले हात वर करून दाखवले. मग खाली घेतले. "उन्हाळ्यात जरा चालत होते. रोज सकाळी तासभर चालत होते."

इंजिन लाइलच्या ट्रकमध्ये चढलं. व्हर्न त्याच्याबरोबर चालत गेला आणि पुढच्या सीटवर बसायला लागला. जोलीन धावत गेली, सवयीने त्याची कोपरं धरायला. त्याने ती सोडवून घेतली, हळूच, पण सोडवून घेतली.

"मी याच्याबरोबर येतो," तो म्हणाला. "वाटेत ते हलायला नको."

ट्रक फाटकाबाहेर गेला. स्टँडवरचे दिवे एकेक करून विझत होते. जोलीनने आपली गाडी ट्रेलरवर चढवली. पुढचं वजन गेल्यामुळे नाक वर करून ती उभी राहिली आणि नेहमीच्या मापाचे पट्टे आता बसेनात. सगळे सोडून पुन्हा आवळायला हवे होते. तिने टॉर्च पेटवला आणि धरायला कोणी नाही म्हणून जमिनीवर ठेवला. उजेड एका जागी स्थिर पडला. त्या उजेडात गुडघे टेकून ती पट्ट्याची कडी शोधत राहिली. कडी समोरच होती, पण हाताला लागेना.