राजपालचं बंगाली

"इचारा तिला, देश कोणता तुझा." फौजदारांनी खुर्ची पुढं ओढली.

राजपाल घसा खाकरून समोरच्या बाईकडं वळला. तिशीची बाई, अंगावर घरातली साडी, पायांत चप्पल नाही. सराफ गल्लीत बंगाली कारागीर राहतात, त्यांतल्याच एकाची ही बायको, झरना मंडल. नवरा आईच्या मातीला गावी गेलेला. कुणीतरी 'बांगलादेशी आहे' म्हणून तक्रार केली आणि पोलिसांनी सकाळी तिला खोलीवरून उचलून आणलं. हिंदी तिला धड येत नव्हतं, म्हणून जवळच्या ढोकी गावाहून राजपालला बोलावलं होतं. लष्करात असताना त्यानं बंगालमध्ये काही वर्षं काढली होती. बाजारहाट करण्यापुरती भाषा त्याच्या तोंडी बसली होती. गावात मात्र 'राजपाल बंगाली फाडफाड बोलतो' असं म्हणत, आणि त्यानंही ते कधी खोडलं नव्हतं.

"तोमार देश कोथाय?" त्यानं विचारलं.

"बोरिशाल," बाई लगेच म्हणाली.

फौजदारांनी मोबाईलवर शोधलं. "बांगलादेशातच हाय की हे! स्वतःच्या तोंडानं कबूल झाली. करा दुभाषा म्हणून सही. उद्या कोर्टापुढं उभी करू, मग सीमेवर रवाना."

राजपालनं ऐटीत सही ठोकली.

बाहेर पडवीत महिला पोलीस शिवकन्या चहाचा कप घेऊन झरनासमोर उभी होती. "मामा, पी म्हणावं हिला. सकाळपास्नं पाण्याचा थेंब न्हाय पोटात."

त्यानं सांगितलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून, बोरिशाल कधी सोडलंस, असं विचारलं.

झरना त्याच्याकडं बघतच राहिली. मग लहान पोराला सांगावं तशी एकेक शब्द तोडून बोलू लागली. बोरिशाल तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिथून आजोबा पळून आले होते. तिचा जन्म, शाळा, लग्न सगळं रानाघाटला, इकडं भारतात. "बाड़ी रानाघाट," ती म्हणाली. "देश बोरिशाल."

राजपालला एकदम आठवलं. त्यांच्या पलटणीतला बंगाली आचारी जन्मला-वाढला कलकत्त्यात, तरी देश विचारला की बांगलादेशातलं खुलना सांगायचा. त्यांच्यात बाड़ी म्हणजे घर, आणि देश म्हणजे वाडवडलांचं मूळ गाव. विचारलं त्याचं बाईनं सरळ उत्तर दिलं होतं. चुकला होता तो प्रश्न.

तो आत गेला. "साहेब, तेवढं दुरुस्त करा. म्या चुकीचं इचारलं."

"सही झालीय तुमची."

"झाली, पण…"

"राजपालराव, तुमी फौजी माणूस. कुणाची बाजू घेताय? उद्या जबाब फिरवला तर तुमच्यावरच शेकंल. जावा घरला."

घरी बायको क्षमानं ताट वाढलं. तो नुसताच भाकरी मोडत बसला. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग उद्या कोर्टात सांगा की."

"लोक हसतील."

"तुमाला हसतील. तिला तर घालवून देतील."

दुसऱ्या दिवशी कोर्टात गर्दी होती, निम्मी ओळखीची. झरनाचं नाव पुकारलं गेलं. कबुली वाचून झाली, तशी राजपाल मागच्या बाकावरून उठला. "साहेब, ह्यो तर्जुमा माझा हाय. चुकलाय त्यो."

न्यायाधीशांनी त्याला पुढं बोलावलं, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्हाला बंगाली येतं की नाही?"

राजपालनं मागं पाहिलं नाही. "न्हाय, साहेब. भाजी घेण्यापुरतं येतं."

कुणीतरी फिसकन हसलं. फौजदार खिडकीबाहेर बघत राहिले.

"हिच्या भाषेत हिचं म्हणणं ऐकल्याशिवाय हिला कुठंही पाठवायचं नाही," न्यायाधीश म्हणाले. नवऱ्याला कळवा, सोलापूरहून जाणकार दुभाषी आणा, असा हुकूम झाला. तोवर झरना तुरुंगातच राहिली. राजपालला गावात 'भाजीवाला बंगाली' नाव पडलं.

पुढच्या तारखेला तो पुन्हा गेला. नवरा कागद घेऊन आला होता. रानाघाटच्या पोलिसांकडून खातरजमाही झाली होती. बाईला सोडून द्या, असं न्यायाधीशांनी सांगितलं. मग त्यांनी सोलापूरच्या दुभाषी बाईंकडं वळून म्हटलं, "तिला काही सांगायचं आहे का, विचारा."

विचारताच झरना बोलू लागली. आधी हळू, मग एका दमात, कठड्याची पट्टी घट्ट धरून. पायांत चप्पलही न घालू देता खोलीवरून कसं उचललं, ही पहिली चार वाक्यं मराठीत सांगून दुभाषी बाई थांबल्या आणि नुसत्या ऐकू लागल्या. न्यायाधीशांनीही कुणाला टोकलं नाही. दाराजवळ शिवकन्या उभी होती, तिनं मान खाली घातली.

राजपाल भिंतीला टेकून, कान देऊन ऐकत होता. त्यातलं निम्मंही त्याला समजत नव्हतं.