दुलईची खिडकी

भिंगरीनं पहिला स्क्रू उपसून फरशीवर फेकला आणि दुसऱ्याला भिडली. खिडकीवर आवळून बसवलेली ती फळी तिच्या रागाला दाद देत नव्हती. कोपऱ्यात कुलर घरघरत होता, पण खोली झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखी वाफाळली होती. पिंजऱ्यावर आईनं चारी बाजूंनी ओली चादर लपेटली होती. आत दुलई, भिंगरीची पांढरी सशीण, पाय पसरून पडली होती. तोंड उघडं, कान तापलेले, फासळ्या भराभर हलत होत्या. पुढच्या खोलीत नेण्यात अर्थ नव्हता. तिथे वर पत्रा, खाली भट्टी.

भिंगरीनं चादर खसकन ओढून खांद्यावर टाकली.

"अगं, गारव्याला घातली होती मी ती!" आई दारातून म्हणाली. "माठाला नाही का आपण ओलं फडकं गुंडाळत?"

"दुलई माठ नाहीये, आई! माठाला श्वास घ्यायचा नसतो!"

आईनं ओठ दाबले. हसू होतं की भीती, कळायला मार्ग नव्हता. "बाबा येतील आता."

"येऊ देत. आरती करते."

फळीची कथा अख्ख्या गल्लीला पाठ होती. बोळापलीकडे, हात लांबवला तर कपबशी देता येईल इतक्या जवळ, मोठ्या काकूची खिडकी. गेल्या उन्हाळ्यात पाहुण्यांदेखत काकू बोलली, "यांच्या सशाच्या वासानं घास उतरत नाही." बाबांनी त्याच संध्याकाळी फळी आवळली. वास नको ना? मग आमचा वाराही नको! तेव्हापासून दोन सख्ख्या भावांची घरं एकमेकांना ओळख देईनात. आणि बाबांचा धंदा काय, तर कुलर दुरुस्ती. घरोघरी सांगत फिरायचे, "खिडकी उघडी ठेवा, नाहीतर कुलर नुसता दमटपणा करतो." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, इथे तर पाषाणालाही घाम फुटला होता.

शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा बाबा हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन दारात उभे होते.

"त्या फळीला हात लावायचा नाही."

"लावून झालाय." फळी धाडकन खाली आली.

"कुणाला विचारून?"

"दुलईला! तिला ओरडता येत नाही, म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही."

"जीभ फार चालायला लागलीये तुझी!"

"चालणारच! वारा कुठे चालतोय या घरात!"

तिनं दोन्ही झडपा ढकलल्या. काही झालं नाही. खांद्यावरच्या चादरीचं टोकसुद्धा हललं नाही. समोर काकूची खिडकी घट्ट बंद, आणि बोळातली हवा जागच्या जागी शिळी होऊन पडलेली. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसण्यापेक्षा ओरडणं तिला सोपं गेलं.

"मोठी काकू! खिडकी उघड!"

"गप्प बस," बाबा दातओठ खात म्हणाले.

"काकू!"

समोरची झडप उघडली. "कोण मेलंय, एवढं बोंबलायला?"

"मरेल आता! तुझ्या घरातून वारा आला तरच आमच्याकडे येतो. दुलई मेली ना, तर तुझ्या नि बाबांच्या नाकापायी मेली असं मी गल्लीभर सांगेन!"

"बापाचीच जीभ उचललीस गं, कार्टे!"

काकू गेली. तिच्या घरात काहीतरी जड सरकवल्याचा आवाज झाला. मग कडी वाजली.

आधी चादर हलली. मग दुलईच्या पाठीवरचे केस उलटे फिरले. काकूच्या घरातून, बोळ ओलांडून, फोडणीचा ठसका घेऊन वारा आत शिरत होता. आई खोकली. बाबांनी पिशवी खाली ठेवली, पिंजऱ्यात हात घातला आणि बोटांची मागची बाजू दुलईच्या कानाला लावली. बराच वेळ ते तसेच वाकून होते. दुलईनं तोंड मिटलं.

बाबा उठून खिडकीशी गेले.

"वहिनी," ते म्हणाले. वर्षभर न उच्चारलेला तो शब्द आताही भांडल्यासारखाच बाहेर आला. "पुढचं दारही सताड ठेवा. नुसत्या खिडकीनं वारा धरत नाही."

"कधीच उघडलंय!" काकू आतून कडाडली. "कुलरवाल्याची भावजय आहे मी!"