नऊ पांढरी, एक काळं

“न बघता काढायचं, रंग सांगायचा आणि परत आत टाकायचं. परत टाकलं नाहीस तर खेळच मोडला म्हणून समज.” कापडी पिशवी हलवत ताई हे सांगायची, तेव्हा आतली बटणं खुळखुळायची आणि अख्खा वर्ग कान टवकारायचा.

ताई गेली आणि तिचा गणिताचा तास धाकट्या बहिणीकडे आला. दोघी एकाच शाळेत; मुलं एकीला मोठ्या बाई म्हणायची, दुसरीला धाकट्या बाई. आता मोठ्या बाई नव्हत्या, तरी ‘धाकट्या’ हा शब्द कुणी काढून टाकला नव्हता.

संभाव्यतेचा धडा धाकट्या बाईंनी जमेल तितका लांबवला होता. आधी फाशांचा खेळ घेतला. दोन फाशांच्या बेरजा फळ्यावर मांडता मांडता मधल्या सातावर फुल्यांचा डोंगर उभा राहिला, तेव्हा मुलं चेकाळली. पण पिशवीला हात लावायचा धीर होत नव्हता. आज मनाशी देवाचं नाव घेऊन त्यांनी ती कपाटातून काढली.

नऊ पांढरी बटणं, एक काळं. मुलं रांगेने येत गेली, पांढऱ्याच्या रकान्यात फुल्या वाढत गेल्या. काळ्याचा रकाना मात्र कोरा. दुसरी फेरी संपली, तरी कोराच.

“बाई, काळं पळून गेलं!” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

“पळतंय कशाला, सासरी गेलं असेल!”

वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत. इतक्या वेळा हात घालून काळं एकदाही येऊ नये, हे त्यांना पटेना. त्यांनी पिशवी टेबलावर ओतली. पांढरीच होती सगळी. त्यांची नजर रांगेत पहिली आलेल्या मुलीकडे गेली. एक क्षण जागेवर बसेल तर शपथ, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. आज ती मूठ आवळून पुतळ्यासारखी बसली होती.

तास संपला. मुलं बाहेर पळाली. बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

“उघड बघू मूठ.”

घामेजल्या तळव्यावर काळं बटण होतं.

“काळं आलं तरी पांढरं सांगितलंस? परत का नाही टाकलंस गं?”

“माझी आई दवाखान्यात आहे, बाई. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात दहातले नऊ जण बरे होतात. शेजारच्या खाटेवरच्या काकू परवा वारल्या. म्हणजे काळं निघालं ना? परत टाकलं नाही, तर आता सगळी पांढरीच ना?”

बाईंना ताईचे दवाखान्यातले दिवस आठवले. ताईच्या शेजारची खाटही अशीच एका सकाळी रिकामी झाली होती. “बघ, काळं बाहेर पडलं,” ताई हळूच म्हणाली होती. मग धाकटीचा चेहरा उजळलेला बघून तीच कासावीस झाली. “अगं वेडे, गंमत केली मी. ते परत टाकतात. दर वेळी परत टाकतात.” बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. स्वतः गणिताच्या बाई, तरी शेवटपर्यंत त्या मनातल्या मनात पांढरीच मोजत राहिल्या.

“सांगा ना बाई.”

“पिशवी प्रत्येकासाठी पहिल्यासारखी भरलेली असते, बाळा.”

“म्हणजे काकूंचं वेगळं, आईचं वेगळं?”

“हो.”

“मोठ्या बाईंनाही दहातले नऊच सांगितलं होतं?”

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी ते गिळलं.

“हो गं. नऊच. पण नऊ पुष्कळ असतात. आशा धरावी इतके असतात.”

भिंगरी रडली नाही. बाईंच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “संध्याकाळी बाबा आत जातात आणि मला बाहेर बाकावर बसवतात. एकटीला नको वाटतं. तुम्ही याल?”

त्या बाकावर बाईंनी ताईचे सगळे दिवस काढले होते. तेव्हापासून दवाखान्याचं फाटकही दिसू नये म्हणून त्या लांबच्या वाटेने घरी जायच्या.

“येईन,” त्या म्हणाल्या. विचार करायच्या आधीच शब्द तोंडातून निघून गेला होता.

शाळा सुटली. शिपाईमामा खिडक्या लावून बाहेर आले, तर बाई उलट्या दिशेला वळलेल्या.

“बाई, तिकडे कुठे? तिकडनं तर दवाखान्यावरून...”

“ठाऊक आहे, मामा.”

बाईंनी भरून आलेले डोळे पुसले नाहीत. खांद्यावरचा पदर नीट केला आणि त्या दवाखान्याच्या रस्त्याला लागल्या.