आपोआप पडणारा गिअर

दुपारी प्रतापरावांचा डोळा लागला की त्यांचा डावा पाय हलायचा. टाच गादीवर टेकलेली असायची, आणि पंजा सावकाश खाली जाऊन तितक्याच सावकाश वर यायचा. जागेपणी मात्र तोच पाय लाकडासारखा. दोन वर्षांपूर्वी, त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हात सुधारला, बोलणं सुधारलं, पाय तेवढा मागे राहिला.

त्यांची बायको भामा पायथ्याशी बसून गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, भाजी निवडत ते बघत राहायची. एकदा न राहवून ती म्हणाली, "तुम्ही झोपेत गाडी चालवता."

"हौ," ते डोळे न उघडताच म्हणाले. "जहीराबादच्या पुढे गेलो होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऊन नुसतं दुधासारखं."

ती गाडी म्हणजे चिक्कडपल्लीच्या घराच्या फाटकाआड उभी असलेली लाल अमेरिकन पिकअप. डाव्या बाजूला स्टिअरिंग, आठ सिलिंडरचं इंजिन. धरणाच्या कामावर आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी जाताना ती विकून गेला, त्याला अठरा वर्षं झाली होती. बेगम बाजारातल्या बियाण्याच्या दुकानासाठी म्हणून प्रतापरावांनी ती घेतली खरी, पण पोती वाहायला त्यांनी हातगाड्याच लावल्या. पिकअप त्यांनी वाऱ्याशी पैज लावायला ठेवली होती.

भामाने कुणाला न सांगता रिक्षा केली आणि काचीगुडा स्टेशनामागची एकनाथरावांची शेड गाठली. एकनाथराव प्रतापरावांचे जुने स्नेही. बस डेपोतून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचं गॅरेज टाकलं होतं.

"भावजी, डाव्या पायाने दाबायचा क्लच नसलेली गाडी असते म्हणे."

"असते वहिनी. गिअर आपोआप पडतो." त्यांनी हात पुसले. "पण मी ती चित्रातच बघितलीय."

चार महिन्यांनी त्यांचा निरोप आला. त्या वर्षांत शहरात बाहेरच्या गाड्या दिसू लागल्या होत्या. आखातातून परतलेल्या कुणीतरी आणलेली एक गाडी दुभाजकावर आदळून मोडीत निघाली होती. पिकअपच्याच कंपनीची, पण पुष्कळ नवी. तिचा चार गिअरचा आपोआप चालणारा गिअरबॉक्स शाबूत होता, आणि तो पिकअपला बसवता येणार होता.

प्रतापरावांनी ऐकून घेतलं आणि मान फिरवली. "गिअर मी टाकला नाही, तर गाडी मी चालवली असं कसं म्हणायचं?"

"मग झोपेतच चालवा," भामा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

तिसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "एकनाथला सांग, शाफ्ट कापायच्या आधी मला बोलाव."

शेडमध्ये त्यांच्यासाठी वेताची खुर्ची मांडली गेली. जुना गिअरबॉक्स उतरला, क्लचचं पेडल निघालं. नवा गिअरबॉक्स इंजिनाला नीट बसला, पण तो लांब होता. म्हणून त्याला पेलणारी आडवी पट्टी मागे सरकवावी लागली आणि चाकांकडे जाणारा शाफ्ट चार बोटं कापावा लागला. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली येत, त्यांत वेल्डिंगचा निळसर धूर तरंगे. मधूनच एखादी आगगाडी स्टेशनात शिरली की शेड, खुर्ची, लाल पिकअप सगळं बारीक थरथरे. प्रतापरावांना वाटे, आपण निघालोच आहोत, फक्त झाडं मागे जायची तेवढी राहिलीत.

आठव्या दिवशी एकनाथरावांनी पिकअप मैदानावर काढली. प्रतापराव शेजारी बसले. पहिला गिअर पडला, दुसरा पडला, पण तिसरा काही केल्या पडेना. इंजिन नुसतं किंचाळत राहिलं. दोनदा, तीनदा तेच. एकनाथरावांनी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "गिअरचा डबाच खराब निघाला, प्रतापराव. मी वहिनींना काय तोंड दाखवू?"

प्रतापराव डोळे मिटून बसले होते. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर येणारा. पण एकनाथचा पाय तर हलकाच होता.

"ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सला जाणारी तार आहे ना," ते म्हणाले, "ती फार ताणलीस. गाडीला वाटतंय आपल्याला अजून पळायचंय, म्हणून ती गिअर सोडत नाही. तार ढिली कर जरा."

एकनाथरावांनी तार दोन आटे सैल केली. या खेपेला तिसरा गिअर अलगद पडला, झोपेत कूस बदलल्यासारखा. एकनाथराव उतरले आणि त्यांनी दार उघडं धरलं. "आता तुम्ही बसा."

रविवारी सकाळी प्रतापराव आणि भामा गंडीपेट तलावाच्या रस्त्याला लागले. दोन्ही पेडलं उजव्याच पायाची. पहिले दोन मैल ते ताठ बसले होते, खांदे कानांशी. मग उतार आला, चौथा गिअर पडला, आणि इंजिनाची गर्जना एकदम खाली बसली. जुन्या तीन गिअरांत या वेगाला कानठळ्या बसत. आता चाकांचा सरसर आवाज आणि खिडकीतला वारा, एवढंच. पाण्यावरचं धुकं रस्त्यावर आलं होतं, आणि पिकअप त्यात न बुडता तरंगत चालली होती.

भामा बाहेर बघत काहीतरी पुटपुटत होती. सीताफळाच्या बागा कुठे गेल्या, हे नवे खांब कसले रोवलेत, असलंच. इंजिनाच्या आवाजात स्वतःशीच बोलायची तिची या गाडीतली जुनी सवय.

"कसले खांब?" प्रतापरावांनी विचारलं.

ती दचकून वळली. "तुम्हाला ऐकू आलं?"

"येतंय की. बोल."

आणि ती बोलू लागली.