गाजरघास सप्ताह

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या यामिनीच्या कॉलेजमधल्या वाफ्यात एकही रोप उरलं नव्हतं. तिच्या मलमलीच्या पिशव्या कुणीतरी कुंपणावर भिरकावल्या होत्या आणि कॉलेजच्या फाटकावर 'गाजरघास निर्मूलन सप्ताह' असा बॅनर झळकत होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तीन वर्षं त्या वाफ्यात गेली होती. परदेशी धान्याबरोबर देशात घुसलेलं हे गाजरगवत जाईल तिथलंच कसं होऊन बसतं, हे तिला दाखवायचं होतं. शहरालगत रिछाईच्या कारखान्यांभोवती सारखी कापणी चालते. तिथे बुटकं राहून लवकर फुलणारंच वाचतं आणि त्याचंच बी पडतं. दूर कुंडमच्या झाडीत सावली; तिथलं उंच वाढतं, उशिरा फुलतं. दोन्हीकडचं बी तिनं एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढवलं. तिसऱ्या पिढीपर्यंत फरक टिकला, म्हणजे तो बियांतच उतरला होता. शेवटची मोजणी तेवढी राहिली होती. मग सगळं जाळायचं ठरलं होतं. दोन्हींचा संकर होऊ नये, बी सांडू नये, म्हणून तर फुलांवर पिशव्या होत्या.

प्राचार्य शशिकांत सर फोटो निवडत बसले होते.

"काहून चिडून राहिलात, यामिनी जी? गवतच तर होतं. पाहुणे आले होते, आणि इतकं दाट पोरांना दुसरीकडे मिळालंच नाही."

"तिथे पाटी होती, सर."

"गाजरघास, असंच लिहिलं होतं ना? पोरांना वाटलं, आपल्यासाठीच लावली."

"फुलावर आलेलं उपटायचं नसतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं." तिनं कुंपणावरून काढून आणलेली एक पिशवी टेबलावर टाकली. "पिशव्या कोणी काढल्या?"

"मीच सांगितलं. फोटोत फुलं दिसत नव्हती."

"आणि उपटलेलं कुठे आहे?"

"कुंडमच्या रस्त्याला नाला आहे ना, तिकडे ट्रॉली खाली केली. चलो, चहा घ्या."

चहा गेला खड्ड्यात. तिनं स्कूटी काढली. नाल्याकाठी, झाडी सुरू होते तिथेच, ढीग पडला होता. बुटकी आणि उंच रोपं एकमेकांत गुंतलेली. तिनं हातमोजेही न घालता ती उचलायला सुरुवात केली. हात खाजू लागले, पण रोप उचललं की काळं बारीक बी झडून मातीत जाई, पाण्यात जाई. लवकर फुलणारं आणि सावली सोसणारं आता शेजारी शेजारी उगवणार होतं, एकमेकांत मिसळणार होतं; कापणीलाही पुरून उरेल आणि सावलीलाही, असं बी तयार होणार होतं. इतकी वर्षं दोन्हींच्या मध्ये मैलोनमैल अंतर होतं.

तिनं सरांना फोन लावला.

"सर, तुम्हाला नातू आहे ना?"

"हो, आहे की. काहून?"

"तोही हेच उपटत राहील," ती म्हणाली आणि फोन ठेवला.