पावणेआठचा आकडा

धाकट्या जावेने कंपनीत पाऊल ठेवलं आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. चिकटवलं होतं तिनेच, साहेबांकडे शब्द टाकून. आता तक्रार करायची तरी कुणाकडे?

नऊ वर्षं थोरली रोज सकाळी दवाखान्यांच्या सहा औषधकोठारांचे आकडे काढत होती. ब्राउझर उघडायचा, क्लाउडवरच्या डेटा वेअरहाउसमध्ये एकेक क्वेरी, म्हणजे साठ्याची माहिती मागणारा प्रश्न, चालवायची, आलेला आकडा तक्त्यात भरायचा. त्या तक्त्यावरून नऊ वाजता औषधांच्या गाड्या सुटायच्या. तिच्याशिवाय ऑफिसचं पान हलत नाही, असं साहेब चारचौघांत म्हणायचे.

धाकटीने आठवडाभरात सहाही क्वेऱ्या एका फाइलमध्ये घातल्या. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली, आणि सकाळी सहाला तक्ता आपोआप तयार! साहेबांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. घरी सासूबाईही तिचेच गोडवे गायला लागल्या, ज्यांना क्वेरी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. थोरली हसत होती, पण आतून तिचा नुसता जळफळाट चालला होता.

पहिल्याच सकाळी तिला चूक दिसली. सहावं कोठार टेकडीपलीकडे. तिथली नर्स औषधं हाताने मोजून पावणेआठला आकडा पाठवायची. म्हणून थोरली ती क्वेरी शेवटी, चहा झाल्यावर चालवायची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, हाताला सवय होती इतकंच. सहाला चालणारी क्वेरी कालचाच आकडा उचलत होती.

सांगायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण तिने ते गिळलं. एवढी हुशार आहे ना, मग एकदा आपटू दे की!

तिसऱ्या दिवशी नर्सचा फोन आला. इन्सुलिन संपलं होतं, जुन्या आकड्यात साठा पुरेसा दिसल्याने गाडी फिरकलीच नव्हती, सात रुग्ण तसेच परत गेले होते.

साहेबांनी दोघींना आत बोलावलं. "हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

"चूक माझी आहे, साहेब," धाकटी रडवेली झाली होती. "ताईंना कळलं असतं तर त्यांनी मला लगेच सांगितलं असतं."

थोरली सुटली होती. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण तिला खाली मान घालून उभं राहवेना.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली.

धाकटीने डोळे पुसले आणि लॅपटॉप पुढे ओढला. "किती वाजता येतो तिथला आकडा?"

"पावणेआठला."

"बरं," धाकटी म्हणाली आणि टाइप करायला लागली. या वेळी तिने ‘ताई’ अशी हाक मारली नाही.